आरएसची (रेक्टिफाइड स्पिरिटची) जुनी टाकी निर्जल इथेनॉलला चालेल का? (जैवइंधनं आणि पोलाद)

टाकीवाला
प्रश्न सरळ आहे. समजा आसवनीत आरएसची जुनी एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या पोलादाची) टाकी आहे. ५०० किलोलिटर, तळाचा पत्रा ६ मिमी, लॅप जोड (पत्र्यावर पत्रा चढवून केलेले), आतून रंग नाही. वर्षानुवर्षं रेक्टिफाइड स्पिरिट भरलं तरी तळाला गंज किरकोळच. आता मॉलिक्युलर सिव्ह (इथेनॉलमधलं पाणी शोषून काढणारी यंत्रणा) बसवून त्याच टाकीत निर्जल इथेनॉल ठेवायचं म्हटलं, तर फॅब्रिकेशनवाले सांगतात, "अहो, पाणी उलट कमी झालं, गंज कमीच होणार, काही करू नका." हे गणित बरोबर आहे का? जाता जाता बायोडिझेल आणि पायरोलिसिस तेलाबद्दलही लिहा. सगळ्यांना 'जैवइंधन' म्हणतात, पण पोलादाशी ती सारखीच वागतात का?

गंजशास्त्री
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. इथेनॉल वेल्डपाशी तडे पाडतं, बायोडिझेल साठलेल्या पाण्यातून आणि जुनं होऊन त्रास देतं, आणि पायरोलिसिस तेल आम्लासारखं सरळ पत्रा खातं. तीन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

आता टाकी. फॅब्रिकेशनवाल्यांचं अर्धं बरोबर आहे. निर्जल इथेनॉलमध्ये पत्रा पातळ होण्याचा वेग अगदी कमी असतो. पण साध्या पोलादाला त्यात ताणामुळे तडे जातात, म्हणजे एससीसी. पाणी साधारण ४.५ ते ५ टक्क्यांच्या वर गेलं की हे तडे थांबतात. आरएसमध्ये पाणी किती असतं? साधारण ४ ते ६ टक्के. म्हणजे जुनी टाकी टिकली ती पाण्याच्या कृपेने, आणि सिव्ह बसवून आपण तेच पाणी काढून टाकतोय.

तडा जायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: निर्जल इथेनॉल, त्यात विरघळलेला ऑक्सिजन आणि ताण. ऑक्सिजन यातला मुख्य. हवेच्या सान्निध्यात इथेनॉलमध्ये पाण्याच्या आठ-दहा पट ऑक्सिजन विरघळतो. तो पोलादाचं विद्युत विभव वर ढकलतो आणि एका मर्यादेपलीकडे तडे सुरू होतात. क्लोराइड असेल तर आणखी भर. जुना गंज चिकटलेला पत्रा नव्या, स्वच्छ पत्र्याला वेल्डने जोडला असेल तरी विभव वर जातं, म्हणून जुन्या टाकीत नवा तुकडा घालताना हे लक्षात ठेवा.

ताण कुठून येतो? वेल्ड थंड होताना आकसतो, तिथेच अडकून राहतो. तळाच्या लॅप जोडावरचा फिलेट वेल्ड, शेल (टाकीची उभी भिंत) आणि तळ मिळतात तो कोपरा, नोझलचा पॅड (पाइपच्या तोंडाभोवती जोडलेला पत्रा), ही पहिली ठिकाणं. पाया खचून टाकी भरता-उपसताना तळ वर-खाली होत असेल तर बघायलाच नको.

हेमाडपंती
थोडं थांबा. महाराष्ट्रात इतक्या आसवन्या निर्जल इथेनॉल एमएस टाकीत ठेवतात. तडे गेले म्हणून सगळीकडे बोंब आहे असं दिसत नाही. उगाच घाबरवू नका.

गंजशास्त्री
हरकत योग्य आहे, आणि तिचं उत्तर अमेरिकेच्या अनुभवात आहे. तिथल्या पेट्रोलियम संस्थेने, एपीआयने, २००३ मध्ये या विषयावर ९३९-डी हा तांत्रिक अहवाल काढला. त्यात जमा झालेली प्रकरणं पाहिली तर तडे मुख्यतः मिश्रण करणाऱ्या डेपोत आणि टर्मिनलात सापडले. खुद्द इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्यात नाहीत, टँकरमध्येही नाहीत. पेट्रोलमध्ये १० टक्के मिसळून झाल्यावरच्या टाक्यांतही नाहीत. ताज्या मालात ऑक्सिजन कमी असतो. टँकर भरताना, उतरवताना, पंपातून फिरताना हवा मिसळते आणि माल डेपोत पोचेपर्यंत चांगला 'श्वास' घेतलेला असतो.

त्यामुळे आसवनीच्या डे टँकला, जिथे माल दोन-तीन दिवसांत निघून जातो, धोका कमी. बल्क टँकला, जिथे माल महिना-महिना पडून राहतो, वर ब्रीदर व्हॉल्व्ह (टाकीला श्वास घेऊ देणारी झडप) हवा खेचतो आणि वरून धो-धो ओतून भरणी होते, तिथे जास्त. इथे बेफिकिरी नको.

हेमाडपंती
पटलं. म्हणजे वरून ओतणं बंद केलं तर अर्धं काम झालं?

गंजशास्त्री
अर्धं नाही, पण फुकटात होणारं आहे. भरणीचा पाइप तळापासून १५० मिमीपर्यंत खाली न्या, हवा कमी मिसळेल, स्थिर विजेची भीतीही कमी होईल. खरं काम नायट्रोजन ब्लँकेटचं, म्हणजे टाकीतल्या मोकळ्या जागेत हवेऐवजी नायट्रोजन ठेवण्याचं. ऑक्सिजन काढला की प्रयोगशाळेत तडे थांबतात. शिवाय दुसरा फायदा आहे, जो बरेच जण विसरतात. इथेनॉलची वाफ हवेत ३.३ ते १९ टक्के असली की पेट घेते. ३० अंशाला टाकीतल्या मोकळ्या जागेत ती १० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे बरोबर मधोमध. पेट्रोलच्या टाकीत वाफ इतकी दाट असते की आत सहसा पेटत नाही. इथेनॉलच्या टाकीत आपल्या हवामानात ती जवळजवळ बारा महिने पेटण्याजोगी असते. नायट्रोजन एका दगडात दोन्ही पक्षी मारतो.

डीपी_एमपीआय
तपासणीबद्दल लिहितो, कारण इथेच सर्वांत जास्त फसगत होते.

डीपी टेस्टवर (तड्यात लाल रंग शिरवून पाहण्याच्या चाचणीवर) विसंबू नका. इथेनॉलचे तडे केसाहून बारीक असतात आणि गंजाच्या काळ्या थराने घट्ट भरलेले असतात. लाल रंग आत शिरतच नाही, मग डेव्हलपरवर काही उमटत नाही आणि अहवालात 'दोष नाही' येतं. ओल्या फ्लुरोसंट पद्धतीचं एमपीआय (चुंबकीय कणांनी तडे दाखवणारी चाचणी) करा, अतिनील दिव्याखाली, योकने (हातात धरायच्या विद्युतचुंबकाने), एकमेकांना काटकोनात दोन दिशांनी. चुंबकीय रेषा तड्याला समांतर गेल्या तर तडा दिसत नाही.

साफसफाई हलक्या हाताने. जोरकस ब्लास्टिंग केलं किंवा ग्राइंडर फिरवला तर वरचा पत्रा पसरून तड्याचं तोंड बंद होतं. हलकं ब्लास्ट किंवा उच्च दाबाचं पाणी पुरे.

दिसतं कसं, तर वेल्डच्या कडेला, पत्र्याच्या बाजूने साधारण ३ ते १० मिमीवर, वेल्डला समांतर एक हिरवी झगमगती रेघ. कधी ती झाडाच्या मुळासारखी फाटे फोडते. कधी वेल्डला आडवी येते. रेघ दिसली की खोली मोजल्याशिवाय निर्णय घेऊ नका, शिअर वेव्ह अल्ट्रासॉनिकने मोजा.

आणि कृपया तड्यावर ठिगळ ठोकू नका. ठिगळ म्हणजे चार बाजूंनी नवा फिलेट वेल्ड, म्हणजे नवा ताण. तडा घासून संपूर्ण काढा, संपला हे पुन्हा एमपीआयने पाहा, मग भरा. जाळंच पसरलं असेल तर पत्रा कापून बदला. एपीआयचं ९३९-ई हे पत्रक अशा तड्यांची ओळख, दुरुस्ती आणि बचाव यांसाठीच आहे, कंत्राटदाराला ते वाचून दाखवा.

टाकीवाला
धन्यवाद. तापवून ताण काढता येईल का? की आतून रंग मारणं स्वस्त?

डीपी_एमपीआय
अख्खी टाकी भट्टीत घालणार कशी? लहान गोष्टी मात्र काढता येतात: नोझल-पॅडची जोडणी, पाइप स्पूल (पाइपचा सुटा तुकडा), एअर एलिमिनेटर (लाइनीतली हवा काढणारं भांडं). साध्या पोलादाला ५९५ अंशांच्या वर, २५ मिमी जाडीला एक तास, मग सावकाश थंड. ताण निघाला की तडेही बहुतांशी थांबतात. तळासाठी अस्तर.

कोटिंगवाले
अस्तर म्हणजे नेहमीचा इपॉक्सी नाही. साध्या इपॉक्सीला इथेनॉल मऊ करतं, मग फोड येतात. इपॉक्सी फिनॉलिक किंवा नोव्होलॅक घ्या, आणि उत्पादकाच्या पत्रकात 'निर्जल इथेनॉल' असा शब्द स्पष्ट आहे का ते पाहा. 'सॉल्व्हंट रेझिस्टंट' एवढ्यावर जाऊ नका.

तळ पूर्ण आणि शेलचा खालचा ६०० मिमी ते १ मीटर. सा २.५ ब्लास्ट (पत्रा जवळपास पूर्ण स्वच्छ होईपर्यंत), खरखरीतपणा ७५ मायक्रॉनच्या आसपास. वेल्डच्या कडा ३ मिमी त्रिज्येने गोल घासा, वेल्ड करताना उडालेले धातूचे थेंब काढा. आधी ब्रशने सगळ्या वेल्डवर एक पट्टा मारा, मग दोन-तीन थरांत मिळून साधारण ३०० मायक्रॉन सुकी जाडी. थरातली छिद्रं शोधायला, जाडी ५०० मायक्रॉनच्या आत असेल तर ओल्या स्पंजची कमी व्होल्टेजची चाचणी, ठिणगीची नको. ठिणगी पातळ थराला स्वतःच भोक पाडते.

दव बिंदूपेक्षा पत्रा किमान ३ अंश गरम हवा. कोकणात, कोल्हापूर पट्ट्यात जून ते सप्टेंबर हे काम काढणारा स्वतःशी वैर करतो. आणि पक्व होण्याचे दिवस मोजूनच इथेनॉल भरा. थरात विद्रावक अडकलेला असताना भरलं तर आठवड्यात फोड.

नवीन टाकी असेल तर ३०४एल स्टेनलेस का नको, असं कोणीतरी विचारणारच. चालेल, उत्तम. पैसे असतील तर. पण एमएसवर वापरलेली ग्राइंडिंग चकती त्यावर फिरवू नका, लोखंडाचे कण बसून आठवड्यात लाल ठिपके येतात आणि मग 'स्टेनलेसला गंज' म्हणून भांडण.

पंपवाला_रत्नागिरी
ई२० ची (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची) भूमिगत टाकी. पावसाळ्यात पाणी शिरलं की काय, हे कसं कळायचं? डिपच्या मोजकाठीला पाणी दाखवणारी पेस्ट लावतो, ती कधी रंग बदलते, कधी नाही.

गंजशास्त्री
पेस्टचंच तसं आहे. साध्या पेट्रोलमध्ये पाणी खाली वेगळं बसतं, ते पेस्ट पकडते. इथेनॉल मिश्रित पेट्रोल आधी पाणी पोटात घेतं. ई१० साधारण अर्धा टक्का पाणी सोसतं, ई२० त्याहून जास्त. मर्यादा ओलांडली की एकदम फाटतं: खाली पाणी आणि इथेनॉलचा जाड थर, वर इथेनॉल गमावलेलं पेट्रोल. खालच्या थरात पाण्यापेक्षा इथेनॉलच जास्त असू शकतं, म्हणून साधी पेस्ट नीट बदलत नाही. इथेनॉलसाठीची वेगळी पेस्ट मिळते, ती वापरा.

पोलादाच्या दृष्टीने हा खालचा थर वाईट. त्यात मीठ, क्लोराइड गोळा होतं. आणि जिथे ओल व इथेनॉलची वाफ दोन्ही असतात, उदा. पंपाच्या संपमध्ये (बंद खड्ड्यात), तिथे असिटोबॅक्टरसारखे जिवाणू इथेनॉलचं व्हिनेगर करतात. तांब्याचे भाग हिरवे, लोखंडी भाग तपकिरी भुगा. संपचं झाकण आणि सील कोरडं ठेवा, उघडल्यावर आंबट वास आला तर लगेच साफ करा. मिश्रणात इथेनॉल वाढत जातं तसा एससीसीचा प्रश्न जवळ येतो, पण पंपावर आधी पाणीच बघा.

पंपवाला_रत्नागिरी
आंबट वास! म्हणजे तो लोणच्यासारखा वास तोच की काय. उद्या बघतो.

तेलाचा_डबा
बायोडिझेलचं थोडक्यात, कारण यात पोलादापेक्षा इतर धातूच गुन्हेगार आहेत. एमएस टाकीला बी१०० (शुद्ध बायोडिझेल) चालतं, ॲल्युमिनियमही. चालत नाही ते तांबं, पितळ, कथील, शिसं, जस्त. जस्तलेपित पाइप वापरला तर जस्ताचा साबण तयार होऊन फिल्टर बुजतो. तांबं-पितळ तर तेलाचं ऑक्सिडीकरणच भडकवतं, मग आम्ल वाढतं. आम्लमूल्य ०.५० मिग्रॅ केओएच प्रति ग्रॅमच्या आत हवं, पाणी ५०० पीपीएमच्या आत. वापरलेल्या खाद्यतेलापासून केलेल्या मालात दोन्हीवर बारीक लक्ष ठेवा.

बायोडिझेल पाणी ओढतं, साध्या डिझेलपेक्षा कितीतरी पट. तळाचं पाणी आठवड्याला काढा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१६ च्या अहवालासाठी ४२ भूमिगत डिझेल टाक्या उघडून पाहिल्या, त्यातल्या ८३ टक्क्यांत धातूच्या भागांना मध्यम ते तीव्र गंज होता, आणि बहुतेक मालकांना त्याचा पत्ताच नव्हता.

भुसा_ते_तेल
आता पायरोलिसिस तेल. हे या धाग्यातलं सर्वांत अवघड प्रकरण, जरा सविस्तर लिहितो.

लाकूड, भुसा, पाचट ५०० अंशांच्या आसपास ऑक्सिजनशिवाय झटकन तापवलं आणि वाफ लगेच थंड केली की हे तेल मिळतं. नावाला तेल. पाणी १५ ते ३० टक्के, घनता १.२, उष्मांक १६ ते १९ मेगाज्युल प्रति किलो, डिझेलच्या निम्म्याहूनही कमी, आणि डिझेलमध्ये मिसळत नाही. पीएच २ ते ३. फिनलंडमध्ये योएन्सूला २०१३ मध्ये आणि नेदरलंड्समध्ये हेंगेलोला २०१५ मध्ये व्यापारी प्रमाणावर ते बनू लागलं, त्यामुळे साठवणुकीबद्दलचं बरंच काही आता ठाऊक आहे.

त्यात असिटिक आणि फॉर्मिक आम्ल असतं. फॉर्मिक कमी असूनही जास्त खातं. शिवाय कॅटेकोलसारखे फिनॉल लोखंडाच्या आयनांना पकडून घेतात, त्यामुळे पत्र्यावर संरक्षक थर टिकत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या चाचण्यांत ५० अंशाला साधं पोलाद आणि २.२५ टक्के क्रोमियमचं मिश्रपोलाद वाईट खाल्लं गेलं. ४०९ स्टेनलेस, ज्यात ११ टक्के क्रोमियम असतं, तेही टिकलं नाही. ३०४एल आणि ३१६एल मात्र जवळपास तसंच राहिलं. म्हणजे 'स्टेनलेस आहे ना' पुरत नाही, क्रोमियम १६-१८ टक्के हवं.

माझं मत ३१६एल. शेतीच्या अवशेषांतून क्लोराइड येतं, तेल ५०-६० अंशाला ठेवलं की ३०४ ला क्लोराइडचे तडे जाण्याची सीमा दूर राहत नाही. वेल्डचा भरणा ३१६एलचाच, आणि वेल्डभोवतीचा निळा-तपकिरी रंग पिकलिंग करून घालवा. त्या रंगाखाली क्रोमियम कमी झालेलं असतं, गंज तिथूनच सुरू होतो.

गॅस्केट पीटीएफईचं (टेफ्लॉनचं), नायट्राइल रबर नको. लहान साठ्याला एचडीपीई टाकी चालते. स्टीम कॉइल घालू नका, कॉइलच्या पृष्ठभागावर तेल शिजून घट्ट डांबर होतं, त्याखाली गंज लपतो. ५० अंशाचं गरम पाणी फिरवा. तेल हलतं ठेवा, नाहीतर वर पातळ आम्लधर्मी थर वेगळा होतो.

टाकीवाला
हातात असलेल्या तेलाला आपला पत्रा टिकेल का, हे घरच्या घरी कसं तपासायचं? आम्लमूल्यावरून कळतं का?

भुसा_ते_तेल
आम्लमूल्यावरून नाही. पायरोलिसिस तेलाचं ७० ते १०० येतं, पण त्यातले फिनॉलही मोजले जातात, आणि तेवढंच मूल्य असलेली दोन तेलं पोलादाला अगदी वेगळी वागू शकतात. तुकडा बुडवा.

५० × २५ × ३ मिमीचा तुकडा, क्षेत्रफळ २९.५ चौ. सेंमी. १२० नंबरच्या कागदाने घासा, ॲसिटोनने पुसा, ०.१ मिग्रॅपर्यंत तोला. प्रति चौ. सेंमी किमान २० मिली तेल, म्हणजे ६०० मिली. झाकण बंद, ५० अंश, ५०० तास. तीन तुकडे: एक पूर्ण बुडालेला, एक अर्धा, एक वाफेत. धाग्याने टांगा, धातूच्या तारेने नाही.

नंतर क्लार्क द्रावणाने गंज काढा: एक लिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात २० ग्रॅम अँटिमनी ट्रायऑक्साइड आणि ५० ग्रॅम स्टॅनस क्लोराइड. न गंजलेला एक कोरा तुकडाही त्यातून काढा, त्याची घट वजा करा. हे एमएसला, स्टेनलेसला नाही. फ्यूम हूडशिवाय करू नका.

वेग (मिमी/वर्ष) = ८७६०० × घट (ग्रॅम) ÷ (क्षेत्र × तास × घनता). घट ०.८५ ग्रॅम आली तर ८७६०० × ०.८५ ÷ (२९.५ × ५०० × ७.८६) = ०.६४. तळ ६ मिमी आणि त्याला २.५ मिमी खाली जाऊ द्यायचं नाही म्हटलं तर ३.५ ÷ ०.६४, साडेपाच वर्षं. तीही सरासरी, खड्डे पडले तर आधीच गळेल.

गंजशास्त्री
एक जोड: ही पद्धत इथेनॉलला लावू नका. तिथे वजन घटतच नाही, तडा जातो. 'यू' आकारात वाकवून बोल्टने आवळलेला तुकडा बुडवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली वळणाचा बाहेरचा भाग पाहा. आणि इथेनॉलचा पीएच नेहमीच्या पट्टीने मोजू नका, ती काहीही दाखवते. ठरलेल्या पद्धतीत काचेचा इलेक्ट्रोड बुडवून बरोबर ३० सेकंदांचा आकडा घेतात, कारण सुई स्थिर होतच नाही. आपल्या मानकात आम्लता लिटरला ३० मिग्रॅपर्यंतच चालते, तोही अहवाल प्रत्येक टँकरबरोबर मागा.

डीपी_एमपीआय
आणि एमपीआयसाठी टाकी उघडायच्या आधी: एक्साइजचं सील काढण्याची परवानगी, सगळ्या लाइनींना ब्लाइंड, पाण्याने पूर्ण भरून रिकामी करणं, मग ब्लोअर. आत उतरण्याआधी तळाशी, मध्ये आणि वर गॅस मोजा. ही वाफ हवेपेक्षा जड, तळाच्या लॅपखाली अडकलेलं इथेनॉल दुपारी ऊन तापलं की पुन्हा बाहेर येतं. सकाळची नोंद दुपारी चालत नाही. नायट्रोजन ब्लँकेट असेल तर तो व्हॉल्व्ह आधी कुलूप लावून बंद, ऑक्सिजन २०.९ टक्के दाखवेपर्यंत कोणी आत जाऊ नये. अग्निशमनाला अल्कोहोल-रोधक फोमच, साधा फोम इथेनॉलवर विरघळून जातो.

टाकीवाला
ठरलं. आधी तळाचे लॅप जोड आणि शेलचा कोपरा एमपीआय, तडे नसतील तर नोव्होलॅक अस्तर, भरणीचा पाइप खाली, नायट्रोजन पुढच्या बजेटात. अस्तराचं काम नोव्हेंबरात. एमपीआयचे आकडे आले की इथेच टाकतो.